डावीकडून दुमडलेली टोपी

अकोल्यात मोर्णेच्या काठच्या वस्तीत श्रावण मास्तरचं घर विचारलं, की लोक घर सांगायचे नाहीत, टोपी सांगायचे. "खुंटीवर हे एवढी टोपी टांगेल दिसंन नं, तेच घर." आणि एवढी म्हणताना दोन्ही हात सूप धरल्यासारखे पसरायचे. खरं तर काठ चार बोटंच रुंद होता. पण गांधी टोपी आणि फेटा यांच्यापलीकडे डोक्यावर काही पाहायची सवय नसलेल्या गावाला तो सुपाएवढा वाटला तर नवल नाही. टोपी घोंगडीसारख्या जाड, दाबलेल्या लोकरीची, मातकट रंगाची, आणि डाव्या बाजूचा काठ वर दुमडून बटणाने पक्का केलेला.

मास्तर सकाळी उठला की आधी टोपीला ब्रश मारायचा आणि मग चहाला यायचा. त्याची बायको दुर्गाबाई त्या टोपीला सवतच म्हणायची.

"अजी, चहा थंडा होऊन रायला. सवतीची वेणीफणी झाली असंन त या इकडं."

मास्तर नुसता हसायचा. टोपीवरून कुणी कितीही चेष्टा केली तरी त्याला राग यायचा नाही. राग यायचा तो एकाच गोष्टीचा. एकदा दुर्गाबाईने बाजारातून आल्यावर घाईघाईत टोपी उलटी करून तिच्यात वांगी ठेवली, तर हा मऊ स्वभावाचा माणूस संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलला नाही. टोपी एक तर डोक्यावर असावी, नाहीतर खुंटीवर. पोट वर करून तिच्यात काही घ्यायचं नाही, असा त्याचा कायदा होता. दुर्गाबाईही काही कमी नव्हती. तिने त्याला जेवायला वाढलं आणि ताटावर हात ठेवून विचारलं, "कावून एवढं? काय हाय त्या टोपीत? सांगा, मंग जेवा." तेव्हा कुठे त्याने तिला सारी हकीकत सांगितली.

ही टोपी त्याला ब्रह्मदेशात मिळाली होती. लढाईच्या आधी फौजेत उन्हासाठी भेंडाची, कडक सोला टोपी असायची. तिकडच्या पावसात ती भिजून भाकरीच्या पिठासारखी व्हायची. मग सरकारने या रुंद काठाच्या टोप्या वाटल्या. उन्हात सावली, पावसात पागोळी मानेवर न पडता बाहेर, आणि रात्री दुमडून डोक्याखाली घेतली तर उशी. पलटणीतला हवालदार सांगायचा, की ही टोपी मूळची फौजेची नाहीच. ऑस्ट्रेलियात माळावर घोड्यावर बसून गुरं राखणारे लोक होते, त्यांची ही. तिथल्या फौजेने ती उचलली, मग आफ्रिकेच्या लढाईत गोऱ्या शिपायांच्या डोक्यावर गेली, नेपाळी पलटणींनी तर तिला आपलीच करून टाकली. गुरं राखणाऱ्याची टोपी फिरत फिरत जनरलसाहेबाच्या डोक्यावर जाऊन बसली, हे श्रावणला फार आवडायचं. आपल्याकडे अशा वस्तू खालून वर जात नाहीत, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

आणि डावा काठ का दुमडायचा, तर परेडीत बंदूक डाव्या खांद्यावर येते. काठ पसरलेला असला तर नळी त्याला लागून टोपी खाली पडते.

श्रावण पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचा. पण लढाई सुरू झाली की बाजे पेटीत जातात आणि बँडवाल्यांच्या हाती स्ट्रेचर येतं. इरावतीच्या काठी एका दुपारी त्याने आणि त्याच्या जोडीदाराने एका जखमी जवानाला उचललं. रजपूत जवान होता. लढाईवर जाताना आगगाडीत याच गड्याने श्रावणची वळकटी आपल्या जागेजवळून पायाने सरकवली होती. आता तो पाणी मागत होता. श्रावणची बाटली सकाळीच संपलेली. त्याने टोपी काढली, नाल्यातून भरली आणि त्याच्या तोंडाशी धरली. जवान दोन्ही हातांनी काठ धरून घटाघटा प्याला आणि म्हणाला, "और." श्रावण दुसऱ्यांदा टोपी भरून आला तेव्हा तो गेलेला होता.

"त्यानं मरताना जात नाई इचारली," श्रावण दुर्गाबाईला म्हणाला. "मंग त्या टोपीत वांगे कसे ठेवू मी?"

दुर्गाबाईने ताटावरचा हात काढून घेतला. सवत म्हणणं तिने सोडलं नाही, पण त्या टोपीत पुन्हा कधी साधी सुपारीही ठेवली नाही.

सेहेचाळीस साली पलटणीतून सुटून आल्यावर श्रावणने लग्नाचा बँड काढला. कामठीला फौजेचा जुना माल लिलावात निघायचा, तिथून त्याने त्याच जातीच्या टोप्या आणून सगळ्या गड्यांच्या डोक्यावर घातल्या आणि पाटी रंगवून घेतली: विजय मिलिटरी बँड, अकोला. शिस्त अशी, की काठ डावीकडेच दुमडलेला पाहिजे. मोठा बाजा वाजवणारा देवमन यावरून नेहमी कुरकुरायचा, कारण त्याच्या बाजाचं तोंड उजव्या कानाशी यायचं आणि काठाला लागून टोपी पडायची.

"मास्तर, मले उजव्या अंगानं दुमडू द्या नं."

"बंदूक डाव्या खांद्यावर असते, देवमन."

"पन बंदूक हाय कोठी आपल्यापाशी?"

 काठ डावीकडेच राहिला आणि देवमनची टोपी प्रत्येक वरातीत दोनदा तरी पडत राहिली.

आता लग्नातली एक रीत सांगायला हवी. बँड रंगात आला, की नवरदेवाचे मामा, काका, मेहुणे नोट काढून त्याच्यावरून ओवाळतात आणि वाजवणाऱ्याकडे टाकतात. वाजवणाऱ्याने टोपी काढून पुढे करायची आणि नोट झेलायची. दिसायला गंमत. पण श्रावण ज्या समाजात जन्मला होता, त्याला यातली मेख कळायला वेळ लागत नसे. पैसा द्यायचा, पण हाताला हात लागू द्यायचा नाही. अशा सोयी आपल्या लोकांनी फार विचार करून काढलेल्या आहेत. म्हणून विजय मिलिटरी बँडची टोपी कधी उलटी होत नसे. द्यायचं असेल तर हातावर द्या, असं मास्तर नम्रपणे सांगायचा. काही देत. बरेचजण नोट परत खिशात घालत, आणि गडी मनातल्या मनात मास्तरला शिव्या घालत.

छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली. वस्तीतले सारे गेले, श्रावण आणि दुर्गाबाईही गेली. परत आल्यावर वस्तीत बैठक बसली. लोकांच्या दारात डफडं वाजवणं बंद, हे सगळ्यांनी एका आवाजात ठरवलं. मग तरुण पोरं श्रावणकडे वळली. डफडं गेलं, मग हा बाजा तरी कशाला? दार तर त्यांचंच ना?

श्रावण उठून उभा राहिला. टोपी डोक्यावर होतीच.

"डफडं आपल्या गयात अडकवलं होतं. हे टोपी म्या डोक्यावर ठेवली. वाजवतो, त्याची मजुरी घेतो. भीक नाई घेत. ज्या दिवशी या टोपीत कोनाचा पैसा पडंन, त्या दिवशी बाजा मोर्णेत टाकून देईन. हा माहा सबूद हाय."

पोरांनी ते मान्य केलं. श्रावण मात्र घरी येताना मनाशी हिशेब करत होता. शब्द देऊन बसला होता, आणि बँडवर बऱ्याच चुली पेटत होत्या.

दोन वर्षांनी वैशाखात एका मोठ्या घरचं लग्न मिळालं. नवरदेव अकोल्याचा, नवरी अचलपूरच्या वाटेवरच्या एका गावची. मूर्तिजापूरहून छोट्या गाडीने जायचं, एका बारक्या स्टेशनावर उतरायचं आणि पुढे बैलांच्या दमण्यांतून गाव गाठायचं. नवरदेवाचा मामा खुशालराव पातूरकडचा पाटील होता. माणूस वाईट नव्हता. भाच्यावर त्याचा जीव होता. पण मोठ्याने बोलायचं आणि मोठेपणा चारचौघांत मिरवायचा, या दोन गोष्टींवाचून त्याला अन्न गोड लागत नसावं. वाटेतल्या प्रत्येक गावातून बँड वाजत गेला पाहिजे, असा हुकूम त्यानेच सोडला.

पहिल्याच गावात पाराजवळ माणसं जमली. खुशालरावला चेव आला. त्याने गुलाबी फेटा सावरला, नोट काढली, भाच्यावरून ओवाळली आणि श्रावणपुढे येऊन उभा राहिला.

"मास्तर, काढ टोपी. कर पुढं."

श्रावणने क्लॅरिओनेट काखेत धरली आणि हात पुढे केला. "हातावर द्या, पाटील."

"हातावर? तुया हातावर?" खुशालराव हसला, मग लोक हसले. "अबे, किती बँड वाजवून घेतले म्या आजवर. सारे टोपी धरत आले. तुयी काय सोन्याची हाय?"

"सोन्याची नाई जी. फौजेची हाय."

हसू थांबलं. खुशालरावचं तोंड फेट्याच्या रंगाचं झालं. नोट खिशात घालत तो म्हणाला, "संध्याकायी मांडवात चार गावचे लोक असतीन. तवा मी पुन्हा ओवाळीन. टोपी पुढं आली त ठीक. नाई आली त बँड तसाच परत धाडीन, अन् पातुरापासून अकोल्यापर्यंत तुले कोनी बलावनार नाई, हे ध्यानात ठेव."

पुढच्या वाटेवर कुणी वाजवलं नाही. देवमन मास्तरच्या शेजारी आला.

"मास्तर, तुमी नोका धरू. मी धरतो माही. माही त कामठीच्या लिलावातली. तिनं कोठी ब्रह्मदेश पायला?"

"टोपी एकच हाय, देवमन. डोके वेगळे हायेत."

देवमनने मान खाली घातली. मास्तरला त्याचा राग आला नाही, उलट वाईट वाटलं. या माणसाची बायको बाळंतपणाला टेकली होती, हे त्याला माहीत होतं. टोपी पुढे केली तर वस्तीत तोंड दाखवायला जागा नाही आणि बाजा नदीत. नाही केली तरी बँड बसणार. कसंही झालं तरी आज संध्याकाळी विजय मिलिटरी बँडचा निकाल लागणार होता.

भर दुपार झाली. काळ्या रानाला पाय जाईल अशा भेगा पडल्या होत्या आणि वाटेवर सावली म्हणून नव्हती. नवरदेवाची आणि बायकांची दमणी पुढे निघून गेली. पाण्याचे माठ तिच्यातच. खुशालराव मात्र घुश्श्यात होता. दमणीत बसायला तयार नाही, फेटा सुटला तरी नीट बांधायला तयार नाही, ताडताड पुढे चालत होता. त्याच्याबरोबर सूर्यभान नावाचा एक नात्यातला तरुण होता आणि मागे बँड.

चालता चालता खुशालराव थांबला, वाटेतल्या एका बाभळीला धरायला म्हणून हात पुढे केला आणि बाभळीपर्यंत न पोचताच खाली बसला. मग आडवा झाला. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही, जीभ कोरडी. असली माणसं श्रावणने फौजेत पाहिली होती. ऊन लागलं होतं, आणि पाणी मिळालं नसतं तर पाटील भाच्याच्या लग्नाला पोचला नसता.

डाव्या हाताला संत्र्यांची बाग होती, तिच्यात विहीर. मोटेची विहीर, पण मोट काढून नेलेली. दोर नाही, बादली नाही. खाली उतरायला दगडी पायऱ्या होत्या. श्रावण पहिल्या पायरीशी थांबला. परक्या गावच्या विहिरीत उतरलेल्या आपल्या माणसाचं काय होतं, हे त्याने कुणाकडून ऐकलेलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पण मागे पाटलाच्या घशातून घरघर येत होती. तो उतरला. तळाशी जाऊन त्याने टोपी काढली, उलटी केली आणि पाण्यात बुडवली.

वर आला तर सूर्यभान आडवा उभा.

"थांब मास्तर, थांब. मी दमणीतून पान्याचा गडवा आनतो. पाटील सुदीवर आले त मले काय म्हनतीन?"

"आधी सुदीवर त येऊ द्या," श्रावण म्हणाला आणि त्याला बाजूला सारून पुढे गेला.

अर्धं पाणी त्याने पाटलाच्या डोक्यावर ओतलं, मग मान उचलून टोपीचा काठ ओठांना लावला. पहिला घोट बाहेरच सांडला. दुसरा आत गेला. खुशालरावने डोळे उघडले. समोर काय आहे, कुणाचं आहे, हे त्याला दिसलं. दिसलंच, यात शंका नाही. त्याने दोन्ही हातांनी काठ धरला आणि टोपी रिकामी होईपर्यंत तोंड काढलं नाही.

"अजून," तो म्हणाला.

हा शब्द मास्तरने इरावतीच्या काठी ऐकला होता. तो पायऱ्या धडाधड उतरला. भरलेली टोपी घेऊन वर चढताना बाभळीकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. त्याने बघितलं तेव्हा खुशालराव देवमनच्या खांद्याला टेकून बसलेला होता आणि पाण्यासाठी हात पुढे करत होता. श्रावण मास्तरला रडू फुटलं. टोपी पाटलाच्या हाती देऊन तो तोंड फिरवून उभा राहिला. सूर्यभानला वाटलं, घाम पुसतोय.

मग दमणी परत आली आणि पाटलाला घेऊन गेली. 

गोरज मुहूर्ताचं लग्न. मांडव माणसांनी भरला होता आणि बँड एका कडेला उभा होता. श्रावण उघड्या डोक्याने वाजवत होता, कारण टोपी अजून ओली होती. काठ लोंबून तिची पार रया गेली होती. देवमनने ती वाळावी म्हणून कडेला टेकवलेल्या जादा ढोलावर ठेवली होती. लवकर वाळावी म्हणून उलटी ठेवली होती, तोंड वर करून. मास्तरचं लक्ष तिकडे गेलं तेव्हा अक्षता पडून चुकल्या होत्या आणि खुशालराव खाटेवरून उठला होता.

त्याला दोघांनी धरलं होतं. त्यांना दूर करून त्याने नोट काढली, भाच्यावरून ओवाळली आणि हळूहळू बँडकडे आला. सकाळची गोष्ट एव्हाना मांडवभर झाली होती. दुपारची मात्र सूर्यभानने कुणाला सांगितली नव्हती. लोक मजा बघायला सरसावले. श्रावणने वाजवणं थांबवलं. झडप घालून टोपी उचलावी, तर ते चार गावांसमोर भांडण. न उचलावी, तर नोट नुसती सोडायचाच अवकाश. त्याला आपला वस्तीतला शब्द आठवला आणि मोर्णेचं पाणी डोळ्यांपुढे आलं.

खुशालराव ढोलापाशी थांबला. टोपीत वाकून बघितलं. तळाशी थोडं पाणी साचलं होतं. मग त्याने श्रावणचा हात धरला, नोट त्याच्या तळव्यावर ठेवली आणि वरून मूठ मिटवली. मांडवात कुणीतरी खाकरलं. खुशालरावने टोपी उचलली, झटकली, आणि लग्नात मानाच्या पाहुण्याला टोपीचा आहेर करतात तशी दोन्ही हातांनी श्रावणच्या डोक्यावर घातली.

"उनाचं डोकं उघडं ठिऊ नोको, मास्तर," तो म्हणाला.

सूर्य केव्हाच बुडाला होता. पण पाटलाला दुसरं काही सुचलं नसावं, आणि श्रावणलाही ते पुरलं.  त्याने क्लॅरिओनेट तोंडाला लावली. फुंकर नीट लागायला थोडा वेळ गेला.

"मास्तर," देवमन कानाशी कुजबुजला, "पाटलानं टोपी मांगचं पुढं करून घातली. काठ उजवीकडं आला."

"वाजव," श्रावण म्हणाला.

एका टोपीने जग बदलत नाही. जेवायला बँडची पंगत गोठ्याकडेच बसली, आणि ती तशी बसवू नका असं म्हणायला खुशालराव काही आला नाही. श्रावणने त्याची आशाही धरली नव्हती. बाजा मात्र मोर्णेत गेला नाही. पुढे कित्येक वर्षं अकोल्यात आणि अमरावतीत विजय मिलिटरी बँड वाजत राहिला, आणि देवमनला उजवीकडे काठ दुमडायची परवानगी मिळाल्यापासून त्याची टोपी एकदाही पडली नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी श्रावण घरी आला तेव्हा दुर्गाबाई दारातच होती. टोपीचा अवतार बघून तिने कपाळाला हात लावला.

"अजी, काय हाल करून आनले माह्या सवतीचे! अन् पदर या खांद्यावरून त्या खांद्यावर कसा गेला?"

तिने टोपी फिरवून सरळ करायला हात वर केला. श्रावणने तो धरला.

"राहू दे. तसीच राहू दे आता."

मग त्याने तिला विहिरीपासून मांडवापर्यंतचं सारं सांगितलं. दुर्गाबाई ऐकत होती आणि मध्येच पदराने डोळे पुसत होती. पाटलाने पाणी मागितलं तिथे तिने त्याला थांबवलं.

"दुसऱ्या खेपीले जिता होता?"

"जिता होता."

"बरं झालं, बाई," ती म्हणाली. ते पाटलासाठी नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्याच्या पुढच्या सकाळी श्रावण मास्तर जागा झाला तेव्हा खुंटी रिकामी होती. चुलीवर चहा उतू चालला होता आणि दुर्गाबाई दारात उजेडाला बसून, लोंबलेला काठ गुडघ्यावर नीट पसरून, त्या टोपीला ब्रश मारत होती.